चूक माझी म्हणजे कुठली?

डब्लिन, ओहायो
२ सप्टेंबर १९८७

प्रिय श्रीदादा,
सा. न.

फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि मग तुझी नाणी संपतात, म्हणून पत्र लिहितेय. अक्षराला हसू नकोस. आजोबांनी दर रविवारी बसवून शुद्धलेखन घातलं म्हणून निदान एवढं तरी येतं.

शनिवारी मंडळाचा गणपती झाला. नेहमीसारखा हायस्कूलचा कॅफेटेरिया भाड्यानं घेतला होता. जेवण मालिनीमावशीकडे. तुला आठवते ना ती? काका सोडून गेल्यापासून एकटी राहते आणि इथल्या सगळ्या मराठी घरांच्या ऑर्डरी करते. बारसं म्हण, डोहाळजेवण म्हण, सगळं तिच्याकडेच. तिनं बासुंदी केली होती. आणि दादा, संध्याकाळपर्यंत निम्मे लोक आजारी! उलट्या, जुलाब. प्रधानआजींना तर हॉस्पिटलमध्ये नेऊन सलाइन लावावं लागलं. आता सगळे बरे आहेत, घाबरू नकोस.

रविवारी आमच्याच बेसमेंटमध्ये तातडीची मीटिंग झाली. मी चहा देत होते. सगळे मावशीकडे न बघता मावशीबद्दल बोलत होते, तुला माहितीये कसं ते. एवढ्यात आजोबा उठले. ब्लेझर घातलेला. म्हणाले, "मी या मंडळाचा अध्यक्ष आहे. चूक माझी. फक्त माझी. यावर आणखी चर्चा नको." मग संजीवकाकांनी टाळी वाजवली आणि सगळेच्या सगळे उभे राहिले. संजीवकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आय स्वेअर. माझ्याही.

तुझ्या बाबांचे बाबा आणि माझ्या आईचे बाबा एकच आहेत हे कधी कधी खरं वाटत नाही, इतकं तू त्यांच्याविषयी वाकडं बोलतोस. म्हणून हे मुद्दाम कळवतेय. एकाहत्तरच्या लढाईत ज्यांनी डिव्हिजन सांभाळली ते जनरल बासुंदीसाठीसुद्धा पाऊल मागे घेत नाहीत. अशी लीडरशिप मी आमच्या ऑफिसात एकदाही पाहिली नाही. इथे तर फोटोकॉपियर बंद पडला तरी तीन डिपार्टमेंटं एकमेकांकडे बोट दाखवतात.

आई विचारतेय, जेवतोस का नीट?

तुझी
सुनेत्रा



बॉथेल, वॉशिंग्टन
१० सप्टेंबर १९८७

प्रिय सुनी,
अनेक आशीर्वाद (वयाचा मान, दुसरं काय).

आत्याला सांग, जेवतो. माझ्या दोस्ताच्या, शैलेंद्रच्या गालिच्यावर झोपतो. तो सकाळी टाय लावून सॉफ्टवेअर करायला जातो आणि मी शिडी घेऊन लोकांच्या छपरांचे पन्हाळ साफ करायला जातो. इथे झाडं इतकी आहेत की पन्हाळात पानांचं खत तयार होतं. परवा एका पन्हाळातून रॅकून निघाला. मांजराएवढा प्राणी, डोळ्यांभोवती काळं, अगदी चोरासारखा. माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच त्याच्या घरात घुसलोय. त्यात चूकही काही नव्हती म्हणा. मी शिडीवर, तो पन्हाळात, दोघं बराच वेळ तसेच. खालून घरमालकीण ओरडतेय, "डोंट हर्ट हिम!" माझी काळजी कोणालाच नाही.

ते जाऊ दे.

मला एक सांग, जुलाब झालेली माणसं टाळ्या कशा वाजवतात? मी तुझं पत्र तीनदा वाचलं. 'चूक माझी' म्हणाले. ठीक. पण कुठली चूक? बासुंदी त्यांनी ढवळली होती का? मावशीला काम दिलं ही चूक? का गणपती बसवला ही? कोणी विचारलं? मला माहितीये, कोणी नाही. वर 'चर्चा नको'. चूक यांची आणि चर्चा बंद करण्याचा हुकूमही यांचाच.

लढाईची ती गोष्ट तुलाही पाठ असेल. त्यांची एक तुकडी नदीवर अडकली, माणसं गेली, आणि आजोबांनी वर कळवलं, 'चूक माझी.' घरी दर दिवाळीला चकलीबरोबर ही गोष्ट असते. पुढे पदक मिळालं. चूक कबूल करून पदक घेतलेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही. चूक काय होती, असं मी एकदा जेवताना विचारलं होतं. बाबांनी टेबलाखालून असा पाय दिला की दोन दिवस लंगडत होतो.

माझा संशय असा, की आजोबांना हे वाक्य लकी आहे.

मावशी काय म्हणते? सगळे उभे राहिले तेव्हा ती उभी राहिली का?

श्री



डब्लिन
१८ सप्टेंबर १९८७

दादा,

तुझं पत्र वाचून इतका राग आला की उत्तर लिहायचंच नाही ठरवलं होतं. तू चार वर्षांपूर्वी कॉलेज सोडून पळालास तेव्हा तुझ्या बाबांना फोन कोणी केला? आजोबांनी. 'माझ्या देखरेखीखाली होता, जबाबदारी माझी' म्हणाले. तेही लकी वाक्य होतं का?

कुठली चूक ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायलाच हवं का? मोठी माणसं तपशिलात जात नाहीत.

मावशी उभी राहिली नव्हती. ती भिंतीजवळ पर्स घट्ट धरून बसून होती. तू विचारलंस म्हणून मी आठवून पाहिलं.

आणि एक. लिहू की नको असं चाललं होतं. फडकेकाकूंनी बारशाची ऑर्डर कॅन्सल केली. संजीवकाका नवरात्राचं जेवण कुठल्याशा रेस्टॉरंटमधून मागवणार आहेत, छोले आणि नान! नवरात्रात! परवा ग्रोसरीत फडकेकाकू आईला म्हणत होत्या, "जनरलसाहेबांनी सांभाळून घेतलं तिला. दुसरा कोणी असता तर पोलिसात गेला असता. आता तिनंच समजून बाजूला व्हावं." आईनं मान हलवली. मीही हलवली असेल.

मावशी म्हणे दिवाळीपर्यंत वाट बघणार. कामं आली नाहीत तर अपार्टमेंट सोडून भावाकडे जळगावला. तिथे कोण वाट बघतंय तिची? भावाच्या बायकोचं आणि तिचं तर बोलणंच नाही.

आजोबा हल्ली संध्याकाळी फार लांब फिरायला जातात. परत आले की ताट त्यांच्या खोलीत न्यावं लागतं.

सु.



ॲबिलिन, कॅन्सस
२८ सप्टेंबर १९८७

प्रिय सुनी,

पत्ता बघून दचकू नकोस. निघालो होतो सांता क्लाराला. तिथे शैलेंद्रचा एक मित्र म्हणाला होता, ये, गोडाऊनमध्ये काहीतरी लावून देतो. पण वाटेत एका गहू कापणाऱ्यानं लिफ्ट दिली. तो घरी कॅन्ससला चालला होता, गप्पा चांगल्या मारत होता, आणि मला वाटलं, कॅलिफोर्निया कुठे पळून जातंय? आता पटेलकाकांच्या मोटेलमध्ये चादरी बदलतो. खोली फुकट, खिचडी रोज. पत्र इथेच टाक.

आता योगायोग बघ. हे गाव आयसेनहॉवरचं निघालं. आजोबांच्या खोलीत ज्याचा फोटो आहे तोच, लढाई जिंकलेला जनरल, मग प्रेसिडेंट. घर, म्युझियम, थडगं, सगळं एकाच आवारात. पटेलकाका म्हणाले, "जा भाई, गाववाले जनरल छे, जोवा जेवा!" म्हणजे बघण्यासारखे. गेलो. तिथे कळलं, फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौज उतरवायच्या आधी या माणसानं एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. हरलो तर वाचायला. माणसांनी सगळं केलं, दोष असेल तो माझा एकट्याचा, असा मजकूर. माझ्या पुढे एक म्हातारा शेतकरी टोपी काढून उभा होता. मलाही क्षणभर काढावीशी वाटली, पण माझ्या डोक्यावर टोपी नव्हती.

मग डोक्यात किडा शिरला. चिठ्ठी खिशातच राहिली, कारण तो जिंकला. हरला असता तर? लोकांनी विचारलं असतं, साहेब, दोष तुमचा, पण कुठला? दिवस चुकला, हवा चुकली, की जागा चुकली? त्यानं सांगितलं असतंही, मला काय माहीत. त्यालाही नातवंडं आहेत म्हणे. त्यांना भेटावंसं वाटलं. बाकी जगाला पुतळा दिसतो. जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोर कसं वाटायचं ते नातवंडांनाच माहीत.

आता माझं ऐक. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आम्ही सुट्टीत आजोबांच्या कँटोनमेंटच्या बंगल्यावर होतो. ऑफिसर्स मेसची मोठी काच फुटली. मी फोडली नव्हती. तेव्हा मी स्वयंपाक्याबरोबर मटार सोलत होतो. पण आजोबा आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगा माझ्या घरचा आहे, जबाबदारी माझी." झालं! सगळे म्हणाले, वा! आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याआधी निदान चार पोरांवर संशय होता. त्यानंतर माझ्या एकट्यावर. "मी नव्हतो" म्हणायला गेलो तर आई म्हणाली, "गप. आजोबांनी एवढं केलं तुझ्यासाठी."

म्हणून विचारलं, मावशी उभी राहिली का.

तो माणूस आपल्या मोठेपणाखाली तिला गाडतोय, सुनी. मुद्दाम असेल असं म्हणत नाही. मुद्दाम नसेल असंही म्हणत नाही. तू मावशीकडे जा आणि त्या दिवशी काय झालं ते सरळ विचार. आणि मान हलवू नकोस.

श्री



डब्लिन
६ ऑक्टोबर १९८७

दादा,

गेले. शनिवारी दुपारी, आईला लायब्ररी सांगून.

मावशीनं आधी खायला घातलं. विचारलं तर म्हणाली, "कशाला उकरतेस." मग मी तुझी काचेची गोष्ट सांगितली. (रागावू नकोस.) ती हसली, आणि मग सांगितलं.

बासुंदी तिनं सकाळी आणून शाळेच्या मोठ्या फ्रिजमध्ये ठेवली होती. शिकागोचे पाहुणे प्रोफेसर यायच्या कितीतरी आधी आजोबा किचनमध्ये आले आणि सगळी पातेली बाहेर काढायला लावली. खिडकीलगतच्या टेबलांवर ओळीनं, परेडसारखी मांडून घेतली. पाहुणे आले, आरती झाली की पाच मिनिटांत पंगत बसली पाहिजे म्हणून. आणि पाहुण्यांचं विमान लेट! त्यांच्या हस्ते आरती असल्यामुळे आरती थांबली. आरती नाही म्हणून नैवेद्य नाही. नैवेद्य नाही म्हणून कोणी चमचा लावायचा नाही, पोरांनाही नाही. दुपार टळेपर्यंत पातेली उन्हात. तू ओहायोचा ऑगस्ट पाहिलायस. आणि त्या शाळेत शनिवारी एसी बंद असतो.

मावशी दोनदा म्हणाली, "साहेब, दूध आहे, परत आत ठेवू या." आजोबा म्हणाले, "मालिनी, वेळापत्रक मी बघतोय."

दादा, म्हणजे चूक खरंच त्यांची आहे! त्यांनी मीटिंगमध्ये खोटं सांगितलंच नाही. अगदी खरं ते सांगितलं आणि कोणालाच ते खरं वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं, जनरल म्हणजे असंच बोलणार.

मी मावशीला म्हटलं, तू सांग ना सगळ्यांना. तर म्हणाली, "कोणत्या तोंडानं? त्यांनी माझी बाजू घेतली असं गाव म्हणतंय. आता मी उठून म्हणू, नाही हो, खरंच त्यांचीच चूक होती? लोक म्हणतील, बघा, किती कृतघ्न बाई."

घरी येऊन आजोबांना विचारलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "मी कबूल केलंय. सर्वांसमोर. आणखी काय करायचं असतं?" इतक्या साधेपणानं म्हणाले की मी तशीच खोलीबाहेर आले.

आता तूच लिही त्यांना. मला त्यांच्यासमोर उभं राहिलं की शुद्धलेखनच आठवतं.

सुनेत्रा



ॲबिलिन
१२ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चार वर्षांत पहिलं पत्र. शुद्धलेखन तपासू नका.

मंडळात जे झालं ते सुनेत्राकडून कळलं. तुम्ही म्हणालात, चूक माझी. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. तुमचीच आहे. फ्रिज, खिडकी, आरती, मालिनीमावशीनं दोनदा सांगितलेलं, सगळं मला माहीत आहे.

पण लोकांना हे माहीत नाही. तुम्ही चूक कबूल केलीत पण ती कुठली ते सांगितलं नाहीत. अशी बिनचेहऱ्याची चूक हवेत राहत नाही. शेजारी जो सगळ्यांत कमी वजनाचा माणूस बसलेला असेल त्याच्या अंगावर जाऊन बसते. एकदा मेसच्या काचेच्या वेळी मी बसलो होतो. आता मावशी. तिची कामं गेली, आणि दिवाळीनंतर ती घर मोडून जळगावला जाणार आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का?

एकच विचारायचंय. सगळे उभे राहिले, टाळ्या वाजल्या, तेव्हा ते तुमचं बोलणं चुकीचं समजतायत हे तुम्हाला कळलं नाही? की कळलं, पण बरं वाटलं?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. सवय आहे.

आपला
श्रीरंग



डब्लिन
१७ ऑक्टोबर १९८७

चि. श्रीरंग,

तुझे पत्र मिळाले. 'शिरसाष्टांग' बरोबर लिहिले आहेस. बाकी चुका आहेत.

मालिनीच्या जळगावला जाण्याविषयी मला माहिती नव्हती. पत्र वाचून त्याच संध्याकाळी कमिटी बोलावली. फ्रिजपासून पंगतीपर्यंतचा सर्व क्रम सांगितला. मालिनी इशारा देत होती हेही सांगितले. यावर संजीव म्हणाला, "साहेब, पुरे आता. तिच्यासाठी आणखी किती अंगावर घ्याल?" आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. पहिल्या वेळी बरे वाटले. दुसऱ्या वेळी वाटले नाही.

एकाहत्तर साली मी वर कळवले की चूक माझी. त्या वेळीही कुठली, असे कोणी विचारले नाही. तू एकदा जेवताना विचारले होतेस. तुझ्या बापाने तुला लाथ मारली ती मला दिसली होती. मी गप्प राहिलो. ती गोष्ट वेगळी, तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.

सध्याची परिस्थिती अशी. या मंडळात माझ्या चुकीवर विश्वास ठेवणारा एकही माणूस नाही. माझ्या माहितीत असा माणूस एकच आहे, तो कॅन्ससमध्ये चादरी बदलतो. शनिवारी २४ तारखेला चर्चच्या हॉलमध्ये दिवाळीचा कार्यक्रम आहे. तू ये. सर्वांसमोर मला प्रश्न विचार. माझे आणि तुझे पटत नाही हे इथे जगजाहीर आहे, त्यामुळे तुला कोणी माझा भाट म्हणणार नाही. विचारताना दयामाया नको.

पोस्टाने उत्तर पाठवण्यात वेळ घालवू नकोस. बसने ये.

भा. रा. दळवी



सांता क्लारा, कॅलिफोर्निया
३ नोव्हेंबर १९८७

प्रिय सुनी,

शेवटी पोचलो एकदाचा. गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरची खोकी उचलतो. इथल्या मराठी पोरांच्या तोंडी दिवसभर 'चिप'. पहिल्या दिवशी मला वाटलं वेफर्सबद्दल बोलतायत.

फोनवर तू रडलीस, "न सांगता का गेलास, वरच्या हॉलमध्ये काय झालं ते मला कोणी नीट सांगत नाही." तू खाली पोरांना मावळे करून मिशा चिकटवत होतीस. मला वाटलं तेच बरं. तर ऐक.

आजोबांचं पत्र आलं तेव्हा पहिला विचार आला, हा सापळा आहे. म्हातारा मला तोफ म्हणून वापरतोय, आणि पुन्हा टाळ्या याच्याच. 'बघा, नातवासमोरसुद्धा!' बसमध्ये पूर्ण मिसूरी राज्य मी याच विचारात काढलं. सेंट लुईसला उतरून परत फिरणार होतो, पण तिथे एका पोराबरोबर बुद्धिबळ खेळत बसलो आणि परतीची बस गेली. खरं सांगतोय.

हॉलमध्ये गेलो तर संजीवकाका, "अरे श्रीरंग, यार! ये, फराळ घे आधी." मी म्हटलं, "अध्यक्षांना प्रश्न विचारायचेत." लोक हसले. त्यांना वाटलं नातवाचा काही आयटम आहे. आजोबा स्टेजवर उभे राहिले, हात मागे.

मी विचारलं, "बासुंदी फ्रिजमधून कोणी काढायला लावली?"

"मी."

"मालिनीमावशीनं नको सांगितलं होतं?"

"दोनदा."

संजीवकाका मधेच, "साहेब, अहो किती..." तेवढ्यात पुढच्या रांगेतून प्रधानआजी, "संजीव, तू गप बस बघू. माझ्या हातात सुई टोचली होती, तुझ्या नाही. चालू दे रे बाळ."

तोपर्यंत मला ठाऊक असलेलंच मी विचारत होतो. मग तोंडातून आपोआप निघून गेलं, "विमान लेट आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

आजोबा म्हणाले, "पातेली मांडून झाल्यावर लगेच."

"मग परत आत का नाही ठेवलीत?"

सुनी, तेव्हा ते थांबले. मी त्यांना शब्द शोधताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "परत ठेवा म्हटलं असतं, तर तिचं बरोबर होतं असं सगळ्यांसमोर झालं असतं. म्हणून ठेवली नाही."

या वेळी टाळी नाही. कोणाच्या तरी हातातला लाडू कागदी प्लेटवर पडला तो आवाज ऐकू आला. मग आजी, काठीवर जोर देऊन उठल्या. "म्हणजे दळवी, तुमच्या मानापायी मी आठवडाभर पेज पीत होते?" जनरलसाहेब नाही, दळवी! आणि मागून एक बाई म्हणाल्या, "आणि आपण नाव घेतलं त्या बिचारीचं." त्या फडकेकाकूच असाव्यात. मग एकदम सगळे बोलायला लागले. एक जण म्हणाला, पोरं आजारी पडली होती आमची, अध्यक्ष कसले हे? त्या सभेतच त्यांना उतरवलं. राजीनामा देऊ केला तो कोणी ऐकलाही नाही, आधी हात वर केले.

लोक त्यांच्यावर चिडले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा.

मी मागच्या दारानं निघालो. मला आनंद व्हायला हवा होता, लहानपणापासून हेच बघायचं होतं. पण ते स्टेजवरून उतरले तेव्हा मला एक वेगळाच संशय आला. शेवटचा प्रश्न मी मावशीसाठी विचारला, की त्यांना पडलेलं बघायला? तिथे थांबलो असतो तर कोणीतरी मला हे विचारलं असतं.

आत्याला सांग, जेवतो.

श्री



डब्लिन, ओहायो
१४ नोव्हेंबर १९८७

चि. श्रीरंग यास,
मालिनीमावशीचा आशीर्वाद.

पत्ता सुनेत्रानं दिला. तू माझ्या बाजूनं एवढा कॅन्ससहून आलास आणि मला न भेटता गेलास, याला काय म्हणायचं? मी तिथेच होते, कॉफीच्या टेबलाजवळ. तू सगळं विचारलंस, पण माझ्याकडे एकदाही वळला नाहीस. आजोबा आणि नातू बोलत होतात. लढाई दळव्यांची आणि बासुंदी माझी.

रागावून नाही लिहीत. गुण आला हे खरं. प्रधानआजींनी दुसऱ्याच दिवशी फोन केला, नातीच्या साखरपुड्याचं सगळं माझ्याकडे दिलं आणि चार घरी सांगितलंही. फडकेबाई आल्या होत्या. बसल्या, घराचं कौतुक केलं, मूळ विषय काढला नाही. काढतील कधीतरी. सगळी कामं परत आली नाहीत. काही लोकांना वाटतं, खरं काहीही असो, नको बाई ती भानगड. असो. जळगावच्या भावाला कळवलं, येत नाही. तो लगेच 'बरं' म्हणाला.

मंडळानं संक्रांतीचं जेवण करशील का विचारलं. म्हटलं करीन, पण त्या दिवशी किचनचं वेळापत्रक मी ठरवणार आणि पाहुणे येवोत न येवोत, जेवण वेळेवर वाढणार. देवाला मी समजावीन. कमिटीसाठी नावही दिलंय. संजीवचा चेहरा बघायला हवा होतास.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा दुपारी दारावर टकटक झाली. तुझे आजोबा. चालत आले होते, एवढ्या थंडीत, ब्लेझरवर. मी दार उघडलं तशी पाठ ताठ करून म्हणाले, "मालिनी, चूक माझी."

मी म्हटलं, "साहेब, ते सगळ्या गावानं ऐकलंय. मला एकटीला काय सांगायचं असेल तर सांगा. नाहीतर फोडणी करपतेय माझी."

उंबऱ्यात उभेच. मी काही मदत केली नाही, तुला खरं सांगते. कशाला करू? शेवटी, अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू बरोबर आहेस हे मला तेव्हाच कळलं होतं. तिथे, खिडकीपाशीच."

मी म्हटलं, "तुम्हाला कळलंय हे मलाही तेव्हाच कळलं होतं."

मान खाली घातली त्यांनी. मग मी गॅस बंद करून आले आणि म्हटलं, "या आता आत. बूट बाहेर काढा."

मालिनी